बूटकॅम्प आणि संत निकोलाचा दिवस

चाचाक, २८ नोव्हेंबर

ती. देसांकाताईस धाकट्या यागोदाचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे बरे आहेत. फोनवर तू रागावतेस नि मी रडते, म्हणून कागदच बरा.

आमच्या रुग्णालयातलं संगणकांचं जाळं मी इतकी वर्षं सांभाळते आहे. आता नियम आलाय: जानेवारीपर्यंत नेटवर्कचं प्रमाणपत्र आणलं नाही, तर माझ्या खुर्चीवर दुसरं कुणी बसेल आणि मी खिडकीवर केसपेपर फाडायला. घरी अभ्यासाला बसते, पण दुसऱ्या पानावर कुणीतरी हाक मारतंच. दुसरी वाट म्हणजे बेलग्राडचा पाच दिवसांचा बूटकॅम्प. दिवसभर नुसता सराव आणि शेवटच्या दिवशी तिथेच परीक्षा. तो दिवस नेमका एकोणीस डिसेंबर, आमच्या घराण्याच्या संताचा सण, स्लावा! सासूबाई म्हणाल्या, संत निकोलाच्या दिवशी पाहुणे न बोलावता येतात, आणि घरची सूनच नाही, असं कधी झालेलं नाही. शिवाय मलाच वाटतं, पाच दिवसांत डोक्यात शिरणार तरी काय?

लोभ आहेच, या वेळी सल्लाही दे.
यागोदा

पिरोत, ३ डिसेंबर

चि. यागोदास अनेक उत्तम आशीर्वाद.

लहानपणापासून तुझी सवय, एका प्रश्नात दुसरा लपवायचा. स्लावा बाजूला ठेव.

मी जन्मभर लोकांना गाडी शिकवली. ज्याने चाक हातात धरलेलं नाही, त्याला पाच दिवसांत परीक्षेला उभं करणं म्हणजे फी बुडवणं. पण रोज ट्रॅक्टर हाकणाऱ्याला पाच दिवस पुरतात. त्याला गाडी येतच असते, परीक्षकाची तऱ्हा तेवढी कळायची असते. तू यांतली कोण, ते बघ. दाराला कडी लावून एक सरावपरीक्षा दे. चुकलं ते माहीतच नव्हतं, की वेळ पुरला नाही? पहिलं असेल तर घरीच बस, उन्हाळ्यापर्यंत अभ्यास कर, केसपेपर फाडावे लागले तरी चालेल.

आणि खुर्ची जाईल हे सासूबाईंना सांगितलंस का? मला वाटतं, नाही.

माया कमी होणार नाही, बोलणी मात्र खाशील.
देसांका

चाचाक, ८ डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

कडी लावली. नापास झाले! पण चुकलेल्यातलं बहुतेक मी कामावर रोज करते. प्रश्न पुन्हा पुन्हा वाचत बसले, शेवटची पानं कोरी राहिली. म्हणजे ट्रॅक्टरवालीच.

सासूबाईंना खुर्चीचं सांगितलं. त्या उठून स्लावेच्या जेवणासाठी घेवड्याचे दाणे निवडायला बसल्या. नाव नोंदवलंय.

तुझी,
यागोदा

चाचाक, २१ डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

पास झाले. काठावर, पण झाले. पाच दिवसांत नवं फारसं शिकले नाही. घड्याळाकडे बघत उत्तर द्यायला शिकले. तिथे माझ्या शेजारी बसलेल्या पोराने कधी एक तार जोडलेली नव्हती. तो तिसऱ्या दिवशीच घरी गेला बिचारा.

परीक्षेच्याच संध्याकाळी बसने घरी पोचले तेव्हा घर भरलेलं होतं, स्लावेची मेणबत्ती अजून जळत होती. स्लावेला घरची माणसं बसत नाहीत हे तुला सांगायला नको. पाहुणे जाईपर्यंत उभ्यानेच वाढायचं. मी कोट काढून सरळ स्वयंपाकघराकडे निघाले. सासूबाईंनी दंड धरला, टेबलाच्या टोकाशी एक खुर्ची ओढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, की ही बेलग्राडहून आलेली पाहुणी आहे, हिला आधी वाढा. मासा त्यांनी स्वतः वाढला. गुडघा दुखत होता, तरी माझं जेवण होईपर्यंत मागे उभ्या होत्या.

लग्नानंतर या घरात स्लावेला मी पहिल्यांदा बसले, ताई.

अशीच बोलणी आणि माया असू दे.
तुझी धाकटी,
यागोदा