शेव्हालिए साहेब

सेक्टर १०, भिलाई
१५ नोव्हेंबर १९८३

प्रिय नरूदादा,

तुले आणि वहिनीले कमलिनीचा नमस्कार. थंडीत आईचे गुडघे दुखत असतील, तिले रोज शेकायला सांग. इकडे सगळं ठीक. अक्षर वाकडं आलं तर हसू नको, हाताले कुकरचा चटका बसला आहे.

तुझं पत्र मिळालं. "जावईबापू फ्रान्सला राहून आले, बायकांशी किती अदबीनं वागतात!" शी! वाचून मले ओकारी आली, दादा.

परवा रविवारी प्लांटमध्ये आलेला एक फ्रेंच इंजिनियर आणि त्याची बायको आमच्याकडे जेवायला होते. शेषरावांनी (हो, नवऱ्याचं नाव लिहून राहिली आहे) मॅडमचा हात हातात घेऊन त्याचा मुका घेतला, खुर्ची ओढून दिली. म्हणाले, फ्रान्समध्ये मला सगळे शेव्हालिए म्हणायचे. मग अर्थ सांगत बसले. शेव्हाल म्हणजे घोडा, शेव्हालिए म्हणजे घोड्यावरचा. आधी नुसता स्वार, पुढे सरदार, आणि मग बायकांचा मान राखणारा वीर. मॅडम हसून म्हणाल्या, लॅटिनमध्ये तो घोडा मुळात साधं ओझ्याचं तट्टू होता. मी सहज विचारलं, "मग मान राखायचं केव्हा चिकटलं? आधी तर नुसता घोडाच होता ना?"

सगळे खळखळून हसले. शेषरावही हसले.

पाहुण्यांना फाटकापर्यंत पोचवून ते सरळ स्वयंपाकघरात आले. "फार अक्कल आली का तुला?" म्हणाले आणि माझा हात तापल्या तव्यावर दाबून धरला. कुकर-बिकर काही नाही, दादा. ओरडू नको, शेजारी ऐकतील, हेही वरून तेच म्हणाले. मग उरलेली बासुंदी वाटीत घेऊन तिथंच खात बसले. ती वाटी खरवडायचा आवाज अजून कानात आहे. त्या माणसाची इतकी किळस आली आहे की त्यानं हात पुसलेला टॉवेलसुद्धा मी शिवणार नाही.

हे पहिल्यांदा झालं नाही. मागंही तुले लिहिलं होतं. तू लिहिलंस, सांभाळून घे, मोठा साहेब आहे. कावून सांभाळून घेऊ? साहेब असेल तो त्याच्या ऑफिसात.

तेव्हापासून मी शेजारच्या सिंधुताईंकडे आहे. त्या बिचाऱ्या सकाळ-संध्याकाळ मलम लावून देतात. येत्या रविवारी दुर्गहून दुपारच्या गाडीनं नागपूरले निघते. तू स्टेशनवर आलास तर मले बरं वाटेल. नाही आलास तर रिक्षा करून येईन. घर बाबांनी बांधलं आहे आणि आई अजून त्यात आहे. तिले विचारून आत येईन, तुले विचारून नाही.

तुझी बहीण,
कमलिनी