तलावापलीकडचा गोठा

३ फेब्रुवारी
आज पुन्हा ऐनाची दहा झाडं पाडली. सासरे म्हणतात, गोठा वाढवायचा, आणखी तीस म्हशी येऊन राहिल्या. जमीन जंगलखात्याची आहे हे अख्ख्या सानगडीला ठाऊक. कोणी बोलत नाही. मी तरी कुठे बोलते!
कुऱ्हाड चालवतो तुलाराम. तो आणि त्याची बायको सत्यभामा बालाघाटकडचे, दोन वर्षं झाली गोठ्यावर आणून. शेण, चारा, दूध — सगळं दोघंच करतात.

७ फेब्रुवारी
डबा घेऊन गोठ्यावर गेले. तुलाराम दूध पोचवायला गेलेला. सत्यभामा चाऱ्याच्या खोलीत — बाहेरून कुलूप! खिडकीतून म्हणाली, "बाई, एक जन गेला का दुसऱ्याले कोंडतेत. दोघं मिळून पळून जाऊ म्हनून." दिवाळीत तिची माय मेली, तरी जाऊ दिलं नाही. दोघांचे मोबाईल, आधार कार्डं, सगळं सासऱ्यांच्या कपाटात.
डबा गजांतून आत जाईना. भाकरी एकेक करून दिल्या.

८ फेब्रुवारी
नवऱ्याला, कमलेशला सांगितलं. म्हणाला, "तुले काय करा लागते बाबूजीच्या कामात?" गाडी काढली आणि गेला.

१५ फेब्रुवारी
थकले.

१९ फेब्रुवारी
तलावात मासे मरून तरंगताहेत. गोठ्याची घाण नालीने तिकडेच सोडली आहे. मासेमार ढिवरांच्या बाया काठावर नुसत्या बसून होत्या. एकीने माझ्याकडे पाहिलं. मी पदर सावरून पुढे आले.

२२ फेब्रुवारी
ढिवरांनी तलावाची आणि झाडांचीही तक्रार केली म्हणे. वनखात्याची गाडी आली. सासऱ्यांनी हात जोडले, चहा सांगितला आणि म्हणाले, "आमाले तं मालूमच नाही साहेब. हा तुलारामच चोरून झाडं तोडते."
तुलारामने मान वर केली नाही. त्याला गाडीत बसवून नेलं. सत्यभामा मागे धावली तर कमलेशने तिचा हात पिरगाळला, ओढत नेऊन कोंडलं. माझ्या नवऱ्याने!
मी ओसरीवर उभी. हातात चहाचा ट्रे.

२३ फेब्रुवारी
आज जेवले नाही. रांधलं मात्र सगळ्यांसाठी.

२४ फेब्रुवारी
सासरे आंघोळीला गेले तेव्हा कपाट उघडलं. दोघांची आधार कार्डं घेतली, चाऱ्याच्या खोलीची किल्ली घेतली. सत्यभामा दारातच थबकली — "तुमाले मारतीन बाई!" म्हटलं, चल आधी.
एसटीने साकोली. वनखात्याच्या ऑफिसातल्या मॅडमना सगळं सांगितलं. झाडं कोणी तोडायला लावली, कुलूप, तलाव. म्हणाल्या, उद्या या, जबाब लिहून घेऊ. पोलिसांनाही बोलावते.
दोघी माझ्या मावशीकडे उतरलो. कमलेशचे अकरा फोन. उचलले नाहीत.

२५ फेब्रुवारी
मॅडमनी गोठ्याच्या नोंदणीचा कागद माझ्यापुढे सरकवला. गोठा माझ्या नावावर आहे! लग्नाच्या वर्षी सासऱ्यांनी सही घेतली होती — बायांची कोणती तरी योजना आहे म्हणून. मी वाचलंही नव्हतं.
"जबाब दिला तर आरोपींत पहिलं नाव तुमचंच येईल," मॅडम म्हणाल्या. "विचार करा."
बाहेर बाकावर सत्यभामा बसून होती.
म्हटलं, लिहा.