दीड फेरी

३ एप्रिल
रोटर, म्हणजे मोटारीची फिरणारी चकती, आला. मॉडेल बनवणाऱ्या बाईंनी थ्रीडी प्रिंटरवर छापून दिला — पांढरं प्लास्टिक, बशीएवढा, कडेला चुंबकांसाठी बारा खाचा. वीस वर्षं जळलेल्या मोटारींत नवी तार भरतोय, पण तारेशिवायची मोटार पहिलीच. नुसत्या चुंबकांवर, विजेविना फिरली तर धाकट्या बहिणीच्या, म्हणजे भिंगरीच्या, खोलीत दुपारीही पंखा चालेल. बारा ते चार वीज नसते, वर पत्रा तापलेला. गेल्या महिन्यात उकाड्यानं दोनदा कोसळली. एकदा छातीत बसवलेल्या मशीननं झटका देऊन तिला परत आणलं. दर वेळी आणेलच असं नाही, डॉक्टर म्हणाले.

दुकानाचे मालक म्हणतात, "फुकट काही फिरत नसतं रे." बरोबर आहे. त्यांच्या घरी जनरेटर आहे.

५ एप्रिल
बोटानं ढकलला की दीड फेरी. मग मागेपुढे डुलतो आणि बसतो.

८ एप्रिल
भिंगरी घरात पडून कंटाळते. तिला पुढच्या रोटरला चुंबकं चिकटवायचं काम दिलं. उत्तर टोकावर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा.

"दादा, उत्तर सापडलं. प्रश्न काय होता?"

तिशी उलटली, जिभेला हाड काही आलं नाही. आईसुद्धा हसली. फार दिवसांनी हसली.

१३ एप्रिल
दुसरा रोटर, तिरक्या खाचांचा. पावणेदोन फेऱ्या!

१४ एप्रिल
दीडच. काल बहुतेक मीच जोरात ढकलला.

१९ एप्रिल
भिंगरी गेली.

दुपारी. मी दुकानात होतो. चिकटवता चिकटवता टेबलावर मान टाकली, आई म्हणते. मशीननं झटका दिलाच नाही.

२२ एप्रिल
आईचं एकच पालुपद — "मशीननं दगा दिला." दिलाच. आम्ही काय कमी जपलं? मशीन डावीकडे, म्हणून मोबाइलसुद्धा कायम उजव्या कानाला लावायची. मशीन काढून तपासा म्हणून दवाखान्यात मीच भांडलो. मी या मशीनवाल्यांना सोडणार नाही.

२ मे
मशीन तपासणाऱ्या टेक्निशियननं कागद पुढे सरकवला. मशीन ठणठणीत. त्या दिवशी साडेबारापासून त्याचं झटका देणं तेवढं थांबलेलं होतं. जवळ चुंबक आलं की असं होतं, म्हणाला. "छातीपाशी काही होतं का?"

चुंबकं टेबलावर मोकळी ठेवली की कात्रीवर जाऊन आपटतात, फुटतात. ती माझा जुना शर्ट घालून बसायची. थप्पी छातीवरच्या खिशात ठेवत जा, हे मीच तिला सांगितलं होतं.

"नाही," म्हणालो.

आई बाहेर बाकावर होती. "काय निघालं?"

"तू म्हणतेस तेच."