दापोऱ्याची दोन फूट माती

३ डिसेंबर
प्रयोगशाळेत आज नमुन्यांचा ढीग. इच्छापूरचा एक जण बांधाजवळची माती घेऊन आला, तीही ओली. नेहमीचं ऐकवलं: बांधाची नको, झाडाखालची नको, खताच्या घमेल्यात कालवू नका, सावलीत वाळवा. तोंड आपोआप बोलतं. हे घरी माझी नक्कल करायचे. तीच वाक्यं, माझ्याच सुरात, बोट वर करून. जेवताना हसून ठसका लागायचा.
श्रावणात हे गेले. आता नक्कल करणारं कोणी नाही, आणि त्याचंही काही वाटत नाही. कशाचंच वाटत नाही, हे खरं.
येताना शनवाऱ्याच्या बाजारातून दुधी आणला. केला नाही.

५ डिसेंबर
किशोरभाऊजी दुपारी थेट प्रयोगशाळेत. ह्यांचे धाकटे भाऊ. दापोऱ्याचं शेत आता तेच बघतात, निम्मं माझ्या नावावर. बाकावर बसून चहा घेतला, घरचं बोलले, मग मुद्द्यावर आले. शेतातली वरची दोन फूट माती वीटभट्टीला द्यायची म्हणतात. शेजारच्या दोघांनी दिली, त्यांची शेतं खाली गेली, आपलं मध्येच ओट्यासारखं वर राहिलं. कडा ढासळतात, पाणी थांबत नाही. गेल्या खेपेला केळीच्या पानांच्या कडा करपल्या होत्या, ते मीही पाहिलं होतं. यंदा लागवडीच्या आधीच हे गेले, शेत तसंच पडून.
“वहिनी, त्या मातीत जान नाही राहिली आता. दादा असते तर तेही हो म्हटले असते.”
दादा हो म्हटले नसते. पण भांडायला अंगात जोर लागतो. मी म्हटलं, माती तपासू. चांगली निघाली तर राहू द्या, खारावलेली निघाली तर न्या. लगेच कबूल झाले. माणूस वाईट नाही.
नमुन्यासाठी मला तिकडे जायला नको. ह्यांनी जूनमध्ये काढलेला घरी माळ्यावर आहे, मी शिवलेल्या कापडी पिशवीत. हे शेतातच पडले, विहिरीजवळ. त्यानंतर मी तिथे पाय ठेवलेला नाही.

६ डिसेंबर
पिशवी काढली. गाठ ह्यांचीच, दुहेरी. सुटता सुटेना.
ढेकळं लाकडी मोगरीने फोडली, चाळली. कागदावर पसरून चार भाग. समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले दोन मिसळून पुन्हा चार. इतकी वर्षं हेच करतेय. आज टाकायचे दोन भाग घेऊन उभीच राहिले. सोबतचे मंडलोईजी म्हणाले, “क्या हुआ मॅडम?” काही नाही म्हटलं. टाकले. कचऱ्यात नाही, दारातल्या कुंडीत.
समोर भिंतीवर देशाच्या मातीचा नकाशा. लाल, जांभी, गाळाची, वाळवंटाची, आणि मध्ये आपली काळी. खाली कपाटावर भोपाळच्या ट्रेनिंगमधल्या बाटल्या. तिथे सगळ्यांनी आपापल्या गावची माती नेली होती, येताना अदलाबदल. केरळची विटकरी, राजस्थानची पिठासारखी. हे एकदा बघून म्हणाले होते, “आपलीच तेवढी पूर्ण भाजलेली दिसते.”
भट्टीत गेली की आपलीही लाल होईल.

९ डिसेंबर
निकाल आला. क्षार फार. नत्र तर पटणार नाही इतकं. पुन्हा लावून पाहिलं, तेच. केळीला ठिबकमधून खत देत राहिलं की असं होतं, म्हटलं. तरी नत्र इतकं कसं, असं डोक्यात आलं. आलं आणि गेलं.
भाऊजींना फोन. “बस, मग झालंच.” तेरा तारखेला माती उचलायला मशीन. मी हं म्हटलं.

१० डिसेंबर
दापोऱ्याहून सासूबाईंचा फोन. मशीन येणार हे कळलं म्हणून रडत होत्या. माती नाही, मुलगा आठवून. त्याचं हे, त्याचं ते. शेवटचं शेतात काम करताना कधी पाहिलं ते सांगत होत्या. आणि बोलता बोलता सहज म्हणाल्या, “तुह्या नमुन्याची माती त्यानं खताच्या घमेल्यातच कालवली. मी म्हटलं, काय करतो रे? तं म्हने, आई, तिला नको सांगू, रागावल. मंग घरी येऊन तुह्या पिशवीत भरली.”
तिला नको सांगू.
मग नमुना खोटा. तो आकडा शेताचा नाही, घमेल्याचा.
हसू यायला हवं होतं. नाही आलं. न बोलता राहिले तर कोणाला कळायचं नाही, सासूबाईंनाही नाही. माती जाईल, शेत शेजारच्यांइतकं खाली बसेल, मला तिकडे कधीच जावं लागणार नाही. हा विचार करून बरं वाटलं. किती दिवसांनी काहीतरी बरं वाटलं, ते हे.

११ डिसेंबर
कामावर. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला सांगत होते, खताच्या घमेल्यात… आणि पुढचं वाक्य येईना. तो घाबरला, म्हणाला, “नाही बाई, मी बालटीत कालवली.” त्याला पाणी दिलं. खरं तर मलाच हवं होतं.
भाऊजींना फोन केला नाही.

१२ डिसेंबर
सकाळी केला. जे झालं ते सगळं सांगितलं. वैतागले. भट्टीवाल्याला जुबान दिलीय, आता काय तोंड दाखवू, वगैरे. मी म्हटलं, नवा नमुना मी आणते.
“तुम्ही? शेतात?”
फोन ठेवला. तासाभरात गाडी घेऊन दारात.
शेतात नागमोडी चालत नमुने घेतले. खुरप्याने खड्डा, काठाची पातळ चीर, की पुढे. बादली नवी, घरून नेलेली. विहिरीजवळची माती घेत नाहीत, नियमच आहे. सगळं झाल्यावर तरी तिथे गेले. घमेलं पालथं पडलेलं. उलटं केलं तर आत खत अजून चिकटलेलं, पांढरं.
मी ओरडले. “किती वेळा सांगितलं होतं! साऱ्या गावाला सांगते, आणि घरातल्या माणसाला कळू नये?”
भाऊजी मागे उभे. त्यांना वाटलं, त्यांनाच बोलले. म्हणाले, “चुकलं वहिनी.”
घमेलं विहिरीवर नेऊन घासलं. घासताना रडले, मोठ्याने. भाऊजी गाडीकडे गेले.

१३ डिसेंबर
मशीन आलं नाही. भट्टीवाला थोडे दिवस थांबतो म्हणाला, भाऊजींनी कसं पटवलं माहीत नाही. शब्द मात्र तोच आहे, खारी निघाली तर न्यायची. नमुना मंडलोईजींना देईन, नुसता नंबर टाकून. कोणाचा ते सांगणार नाही. पानं करपली होती, हे काही खोटं नाही.
माती पुढच्या खोलीत वर्तमानपत्रावर पसरलीय. ऊन लागू नये म्हणून खिडकीला चादर. दुधी अजून टिकलाय, तो केला. भूक होती.
जेवून मधलं एक ढेकूळ फोडून पाहिलं. आतून ओलं. वाळायला वेळ आहे.