आरशावर वाफ धरू नये म्हणून

५ जानेवारी २०२५, रविवार. सकाळी साडेसात.

पाहुण्यांच्या बाथरूमचा आरसा पुसत होतो. आमच्याकडे भाड्याने खोली घेऊन राहिलेले भोपाळचे लोक महाकालाचं दर्शन करून आजच गेले. जाताना बाई म्हणाल्या, "भैया, बाकी सब ठीक है, पर नहाने के बाद शीशे में कुछ दिखता ही नहीं." मोबाइलवर पाचपैकी तीन तारे दिले.

दादाने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "बारावी तर झाली नाही तुझी. एक आरसा तरी सांभाळ." महिनाअखेरपर्यंत आरसा सुधारला नाही, तर या खोल्यांच्या कामाला माणूस ठेवणार आणि मला देवासच्या कारखान्यात पाठवणार. घर बाबांनी बांधलं — आणि दादा असा बोलतो जणू मी भाडेकरू. मी गेलो तर आई दादा आणि कुसुमआत्या यांच्यात एकटी पडेल.

७ जानेवारी

कोरडा साबण काचेवर घासून सुक्या फडक्याने पुसला. वाफ कमी धरते, पण रेघोट्या राहतात. बादलीत आधी गार पाणी सोडलं, मग गीझरचं, तर वाफच कमी होते. पाहुण्यांना कोण सांगणार!

९ जानेवारी

बाबांचं वर्षश्राद्ध. आईने आज टिकली लावली — मुगाएवढी, मरून. वर्षभरात पहिल्यांदा. कुसुमआत्या पानावर बसता बसता म्हणाली, "हे काय वहिनी? आता कोणासाठी?"

"स्वतःसाठी, वन्सं."

"मग आरशात बघत बसा स्वतःलाच. चार माणसांत कशाला?"

दादा म्हणाला, "आई, काढ ना. क्यों बात बढ़ानी?"

आई उठून बाथरूममध्ये गेली. आली तेव्हा कपाळ कोरं. मी वाढत होतो. वाढतच राहिलो.

१३ जानेवारी

गीझर एकच, म्हणून पाहुणे गेले की आईही तिथेच अंघोळ करते. हल्ली बाहेर यायला वेळ लावते. आणि पदराने आरशाच्या मधोमध तळहाताएवढी जागा पुसते — काचेवर फराटे! "आई, पुसू नकोस ना." "बरं," म्हणाली. आज पुन्हा तेच.

१८ जानेवारी

फ्रीगंजच्या बाजारातून काचेवर चिकटवायची फिल्म आणली. दुकानदार म्हणाला, "शीशा एकदम कोरा चाहिए, एक दाग नहीं." ब्लेडने सगळा आरसा खरवडला. साबणाचे थर, पाण्याचे पांढरे डाग, पाहुण्या बायका चिकटवून विसरतात त्या टिकल्या. सगळं कागदात गुंडाळून टाकलं. फिल्म बसवली, एक बुडबुडा नाही. कढत पाणी सोडून पाहिलं — काच लख्ख.

दादा म्हणाला, "चलो, कुछ तो किया."

२० जानेवारी

आई अंघोळ करून लगेच बाहेर. काचेवर फराटा नाही. ऐकलं एकदाचं माझं.

२३ जानेवारी

पाच तारे! "शीशा भी एकदम साफ." दादाने आत्याला वाचून दाखवलं. माझं नाव नाही घेतलं. आई अर्धी पोळी खाऊन उठली. विचारलं तर, "काही नाही रे."

२५ जानेवारी

बाथरूमचं दार उघडं होतं. आई केस पुसून आरशासमोर उभी. जरा डावीकडे सरकली. जरा वाकली. मान थोडी वर केली — काचेवरचा ठिपका आपल्या कपाळाशी जुळवावा तशी. ठिपका नव्हता. मग तिने काचेत कपाळ दिसत होतं तिथे बोटाचं टोक टेकवलं आणि बघत राहिली.

मी खरवडलेल्या टिकल्यांत एक मरून होती. मुगाएवढी. पाहुण्यांची समजलो.

२६ जानेवारी

सकाळी गुडघे वाकवून आईच्या उंचीचा अंदाज घेतला आणि तिथे काचेवर नवी टिकली लावून ठेवली. आई अंघोळ करून बाहेर आली ती थेट अंगणातून, आत्यासमोरून गेली. मी आत जाऊन पाहिलं. काचेवर टिकली नव्हती.

आत्या ओरडली, "वहिनी, पुन्हा?" मी बाहेर येऊन म्हणालो, "मी आणली आहे." दादाने देवासचं बोलणं परत काढलं आहे.

फिल्म ३५०. ब्लेड १०. दादाकडून येणं ३६०.
टिकल्यांचं पाकीट १०. हे त्याच्या हिशेबात लावायचे नाहीत.