सील तुम्ही नीटच बसवलं होतं

आबा, तुमची जीप चालू झाली. तुम्ही गेल्यापासून ती मागल्या दारी पत्र्याखाली उभी होती, टायर बसलेले, मागच्या सीटवर शेजारणीच्या कोंबड्या. यंदा चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत फोटो पुन्हा आपल्याच जीपवर ठेवायचा असं वाडीनं ठरवलं, म्हणून मी ती ओढून महाडला हायवेलगतच्या गॅरेजात नेली. तिथल्या मिस्त्रीनं मला जे सांगितलं ते तुम्हाला सांगायचं आहे, पण त्याआधी मी जे केलं ते सांगायला हवं. त्या वर्षी भर मिरवणुकीत जीपनं तेल ओकलं, ते तुमच्या हाताच्या चुकीनं नाही. माझ्यामुळे. एवढं एक वाक्य लिहायला मला अकरा वर्षं लागली, आणि तेसुद्धा तुम्ही वाचणार नाही याची खात्री असल्यामुळे जमतंय.

ब्रीदर म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. तुम्हीच दाखवला होता. पोलादपूर ते कुडपण भाडं मारून तुम्ही दुपारी घरी यायचात, जेवायच्या आधी बॉनेट उघडायचात, आणि मी पाने द्यायला उभी. इंजिनाच्या डोक्यावरून एक रबरी नळी निघून खाली चाकापाशी लोंबत असते, तिच्या टोकाला कायम तेलाचा थेंब. मी विचारलं, हे गळतंय ते बंद का करत नाही? तुम्ही हात पुसत म्हणालात, "तो ब्रीदर हाय गो. इंजनाच्या पोटातला धूर त्याच्यातनं भायेर पडतो. म्हातारी झालीय ती, धुरासंगती थोडं तेल जायाचंच." आणि बूच मारलं तर? तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जणू मी कुणाचं नाक दाबायची भाषा केली होती. "मग तेल दुसरीकडनं वाट काढील. ह्ये कदी बुजवायचं नाय." मी हो म्हटलं. माझं अर्धं लक्ष परीक्षेत होतं, पण ऐकलं होतं मी.

नंतर मला तहसील कचेरीत नोकरी लागली. त्याच वर्षी विहाराच्या अंगणात नव्या लाद्या बसल्या, आणि जयंतीला त्या लाद्यांवर जीपनं दोन बशांएवढे डाग पाडले. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका काठ उचलून डाग चुकवत चालल्या होत्या. पोरं ओरडली, "आजोबांची जीप मुतली!" सगळे हसले, तुम्हीही हसलात. मग रॉकेलचा बोळा घेऊन गुडघ्यांवर बसून तुम्ही लाद्या पुसायला लागलात, नव्या पांढऱ्या लेंग्यात. कमिटीतले काका तुमच्या डोक्यावरून कुणाला तरी म्हणाले, "फुडल्या साली टेम्पोच बघूया." मला तुमच्यासाठी वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर तुमची लाजही वाटली. कचेरीतली दोन माणसं आली होती मिरवणुकीला.

पुढच्या जयंतीआधी तुम्ही दोन दिवस गाडीखाली उताणे पडून होतात. इंजिनाच्या मागचं ऑइल सील बदललंत, टॅपेट कव्हरचं पॅकिंग नवं घातलंत. "यंदा थेंब सापडला तर सांग," म्हणालात. पण ब्रीदरचा थेंब होताच, तो जाणार नव्हता. मिरवणुकीच्या दिवशी तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा मी जुन्या स्लिपरचा तुकडा ब्लेडनं गोल कापला आणि त्या नळीच्या टोकात अंगठ्यानं ठासला. वाटलं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. तुमची गाडी त्या दिवशी कोरडी राहावी, काकांना बोलायला तोंड राहू नये, एवढंच माझ्या मनात होतं.

मिरवणूक निघाली. जीपवर फोटो, निळे झेंडे, झेंडूच्या माळा, आणि तुम्ही पहिल्या गिअरमध्ये पायी माणसाच्या चालीनं गाडी नेताय. विहाराच्या अंगणात एक थेंब पडला नाही, आणि तुम्ही खिडकीतून मान काढून माझ्याकडे बघून हसलात. तसं हसताना मी तुम्हाला त्यानंतर पाहिलं नाही. एप्रिलचं ऊन, दीड तास तेच रखडणं. एस.टी. स्टँडच्या चढावर गाडीखालून तेलाची धारच लागली, निळा धूर सुटला, तेल मोजायची डिपस्टिक उडाली. बायका पांढऱ्या साड्या सांभाळत मागे पळाल्या. माणसं फोटो उतरवून घ्यायला धावली, तुम्ही फोटोला आधार द्यायला गेलात, आणि तेवढ्यात मी वाकून चाकामागे हात घातला आणि तो तुकडा उपटला. उकळतं तेल तळव्यावर आलं. मी मूठ उघडली नाही. फोटो मागून आलेल्या टेम्पोत ठेवला गेला आणि मिरवणूक पुढे गेली. रस्त्यावर तुम्ही, मी आणि जीप.

घरी तुम्ही माझ्या तळव्याला मलम लावलंत. "कशाला हात घालतंस गो तापल्या इंजनात?" म्हणालात, आणि तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. तुम्हाला वाटलं, मी तुमच्या मदतीला धावले. तेव्हा सांगायचं होतं, आबा. तो तुकडा माझ्या दुसऱ्या हातात होता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही गिअरबॉक्स उतरवून ते सील बाहेर काढलंत आणि उजेडात धरून कितीदा फिरवलंत. त्यात काही सापडेना. नवं बसवलंत, गाडी गळेना, तरी तुमच्या तोंडावर समाधान नाही. "मीच वाकडं बसवलं असणार. हात गेला माझा." वाडीतले लोक पंप, दळपाची गिरणी, काहीही बिघडलं की तुमच्याकडे यायचे. तुम्ही त्यांना परत पाठवायला लागलात. पावसाळ्यानंतर कुडपणची फेरी बंद केलीत. जयंतीला टेम्पो आला आणि तुम्ही ताप आहे म्हणून घरात बसलात. ताप नव्हता, मी हात लावून बघितला होता. दोन वर्षांनी गेलात तेव्हासुद्धा तुम्ही स्वतःला हात गेलेला माणूसच समजत होतात.

महाडच्या मिस्त्रीनं ब्रीदरची नळी सोडवली, तर आत काजळी आणि कुंभारमाशीचं मातीचं घर. त्यानं सगळं साफ केलं, नवी नळी घातली, टोकाला थेंब धरायला प्लास्टिकची बाटली बांधली. एवढंच काम होतं. "ताई, हा बुजला की गाडी कुठनं पन तेल फेकनार," तो म्हणाला. मग बॅटरी घेऊन खाली सरकला आणि तिथूनच विचारलं, "सील कुनी बसवलंय? आता असं काम कोन करत नाय." माझे वडील, मी म्हटलं. माझा तळवा मी ओढणीत धरून ठेवला होता.

काल विहारात बैठक झाली. काका आता फार थकलेत, काठी घेऊन येतात. सगळ्यांसमोर त्यांनी मला विचारलं, "जीप नीट बघून घेतलीस ना गो? तुझा बापूस गुनी मानूस, पन शेवटी शेवटी त्याचा हात चुकायला लागला हुता." पंधरा-वीस माणसं बसली होती, त्या दिवशी पांढऱ्या साड्या सांभाळत पळालेल्या बायकाही त्यांत होत्या. सांगायला याहून चांगली वेळ मला मिळणार नव्हती. आदल्या रात्रीपासून मी मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं, तेच, जे या पत्राच्या सुरुवातीला लिहिलंय.

आबा, मी काकांच्या बोलण्याला मान डोलावली. हो म्हटलं.