अंकिताच्या दातांची तार

जोधपूर,
डिसेंबर १९९६

सौ. शालूस,

मी हिकडं खुशाल हाय. आबांचा खोकला कसा हाय?

साताऱ्याच्या डॉक्टरनं अंकिताच्या दातांना तार बसवली, ते वाचलं. तिला ऊस दातानं सोलू देऊ नको, तार तुटंल. जेवल्यावर ब्रश करती का?

पण इतकी वर्सं तिच्या दातांचं कुणी नाव काढलं न्हाई, मग आत्ताच घाई कशापायी? तू धाडलेल्या फोटोत दहावीतल्या पोरीला साडी का नेसवलीय? रजेवर गावाकडं गेलेल्या आमच्या युनिटातल्या दिनकरला ती फलटणच्या स्टँडवर म्हणाली, "काका, बाबांना सांगा, मला शिकायचंय."

शालू, पावणे बघून गेले काय? खरं लिव. आबांनी दम दिला तरी कुणाला शब्द देऊ नको. मी रजा टाकलीय. अंकिताला सांग, बाप येतोय.

तुझा,
हंबीरराव